त्यानं दिघी म्हटलंच नव्हतं

फोन वाजला की शिवू हातातलं टाकून धावायची. ठमीचा तो बटणं झिजलेला जुना फोन ती आधी तळहाताखाली धरायची, त्याची थरथर अंगभर घ्यायची आणि मग आजीला न देता आपल्याच कानाला लावायची.

"आये," फोनमधला आवाज म्हणायचा. जरासा थांबायचा. "आगरदांडा." पुन्हा थांबायचा. "बोंबील. ताजा हाय. चल."

"बाबा बोंबील बोलले!" शिवू घरभर दवंडी पिटायची. ठमी पाटी उचलायची, पदर खोचायची आणि जाता जाता नातीला म्हणायची, "तुज्या बापाला सांग, कवातरी पापलेटचं पन बोल म्हनावं."

सगळे हसायचे. शिवूची आई अमिषाही हसायची, पण तिचे हात भांड्यावर थांबून राहायचे. आवाज बंद झाला की घरात जी शांतता व्हायची, ती तिला पाठीमागे कुणी उभं असल्यासारखी वाटायची. तिने कधी वळून पाहिलं नव्हतं.

अल्पेश गेला तेव्हा शिवू मांडीवरची होती. तिच्या लेखी बाबा म्हणजे माशांची नावं सांगणारा आवाज. बाकी बाबा कसे असतात हे तिला ठाऊक नव्हतं, म्हणून तिला काही कमी आहे असंही वाटत नव्हतं.

अल्पेश नवी मुंबईत एका कंपनीत होता. आपोआप बोलणारे फोन बनवायची कंपनी. टाळेबंदीत कंपनी गुंडाळली आणि तो पोटुशी बायको घेऊन गावी आला. त्याच जूनमध्ये वादळ झालं. सुपाऱ्या मोडून पडल्या, लॉजचे पत्रे उडाले, पर्यटक येईनासे झाले. त्याची आई मात्र उजाडायच्या आधी धक्क्यावर जाऊन बसायचीच. कधी होड्या रिकाम्या यायच्या. कधी भरून यायच्या आणि घ्यायला कुणी नसायचं, मग मासळी तिथेच सडायची. "बोट काय आनते ते आधी कललं तं माजा जन्म बसून गेला नसता," ठमी एकदा वैतागून म्हणाली, आणि अल्पेश जेवता जेवता थांबला.

त्यातून 'हाक' निघाली. बोट किनाऱ्याजवळ आली, फोनला रेंज मिळाली की तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, धनेशला कळवायचा. धनेश अल्पेशचा चुलतभाऊ. तो घरातल्या कॉम्प्युटरवर दोनचार बटणं दाबायचा, आणि मुरुडपासून काशीदपर्यंतच्या मासळी विकणाऱ्या बायांना, खानावळींना, बर्फवाल्याला, टेम्पोवाल्याला एकदम फोन जायचा. बायांना वाचायचं झंझट नको म्हणून सगळं बोलून. मागच्या खोलीत चहूकडे गोधड्या टांगून अल्पेशने एकेक शब्द वेगळा भरला होता. धक्क्यांची नावं, माशांची नावं, भरती, ओहोटी, पाणी, ताजा, चल, हाय, न्हाय. मशीन ते हवे तसे जोडायचं. सुरुवातीला "आये" त्याने आपल्या आईसाठी म्हटलं होतं, ते तसंच राहिलं. काशीदचा झुबकेदार मिशांचा लॉजवालासुद्धा रोज सकाळी निमूटपणे "आये" ऐकून घ्यायचा.

'कोलंबी' भरताना मात्र अमिषा गोधडी सारून आत डोकावली होती. पोट एवढं मोठं, हातात भाकरीचं पीठ. "कोलंबी म्हणताना तुझं तोंड कोलंबीसारखंच होतं," ती म्हणाली आणि खुदकन हसली. ते हसू त्या शब्दाच्या शेपटीला चिकटून राहिलं. "असूदे," अल्पेश म्हणाला होता. "कोलंबी महाग हाय, वर हसू फुकट."

पुढे कोरोनाची दुसरी लाट आली. अल्पेशला ॲम्ब्युलन्सने नेलं ते नेलंच. त्याला पुन्हा कुणी पाहिलं नाही.

दहाव्याला खाडीकाठी चारच माणसं होती. विधी धनेशने केले. पिंड ठेवला आणि सगळे मागे सरले. शिवणाच्या झाडावर कावळे होते, पण एकही खाली उतरेना. ऊन चढलं. भटजी घड्याळ बघायला लागले. धनेश म्हणाला, "दादा, आयेला मी बघीन." कावळा नाही. "शिवूला शिकवीन." कावळा नाही. तेव्हा अंगावरचं मूल सावरत अमिषा पुढे झाली. तिचा आवाज निघाला तो दुसऱ्याच कुणाचा वाटला. "तुझी हाक बंद पडू देणार नाही. तू ठेवलीस तशीच ठेवीन. एक शब्द बदलणार नाही."

पंख वाजले. कावळा उतरला आणि पिंडाला चोच लागली.

तेव्हापासून अमिषाने एक शब्द बदलला नव्हता.

आणि हाक चालली, हे खरंच. मंदीत आजूबाजूची दुकानं पटापट मिटत असताना त्या आवाजावर किनाऱ्याचा एवढासा तुकडा सकाळी उठत होता. म्हणून तर अलिबागच्या उद्योग-केंद्रातून रचना मॅडम आल्या. किनारा मंदीतून वर काढायचा तर इथेच उगवलेल्या धंद्यांना हात देऊन मोठं करायचं, असं त्या केंद्राचं काम. मॅडम एसटीने आल्या होत्या, हे ठमीला आवडलं.

"अमिषाताई, तुमचा फोन गेला की बर्फ फुटतो, टेम्पो सुरू होतो, खानावळीत चूल पेटते," मॅडम ओट्यावर मांडी घालून म्हणाल्या. "असं गावोगाव व्हायला हवं. दिघी, श्रीवर्धन, खाली बाणकोटपर्यंत. माणसं देऊ, मशीनं देऊ, शिकवायला लोक देऊ. तुम्ही फक्त वाढायला तयार व्हा."

"नवीन धक्क्यांची नावं लागतील," अमिषा म्हणाली.

"लागतीलच की."

"ती त्याने भरलेली नाहीत."

मॅडमना आधी कळलंच नाही. मग कळलं. त्यांनी चहाची बशी खाली ठेवली. "विचार करा," जाताना एवढंच म्हणाल्या. "या फेरीत चारच धंदे घ्यायचेत. शनिवारी मला नावं द्यायचीत."

नाही म्हणून मोकळं व्हावं, तर तेही सोपं उरलं नव्हतं. मॅडमना ठाऊक नव्हतं, पण मंदीत गेल्याच महिन्यात आगरदांड्याचा बर्फाचा कारखाना बंद पडला होता. बर्फ नाही म्हटल्यावर होड्या एकेक करून खाडीपलीकडे, दिघीला लागू लागल्या. इथून तिथला धक्का दिसतो, फेरीबोटीने गेलं तर चहा थंड होईपर्यंत पोचता येतं. पण हाकेला तो धक्का ठाऊकच नव्हता. फोन आठवड्यातून एकदोनदाच वाजू लागला. बाया सवयीने आगरदांड्याला बसायच्या आणि समोरच्या काठावर उतरणाऱ्या मासळीकडे बघत रिकाम्या पाट्या घरी आणायच्या. काहींनी तर हाक बंदच करून टाकली. "मेलेल्या मानसाला नवं काय ठाव असनार?" एक जण बाजारात म्हणाली, आणि ते अमिषाच्या कानावर आलं.

धनेशने आपल्या परीने तोड काढली. तो लॅपटॉप घेऊन आला, तोंडावर भीती आणि आनंद दोन्ही.

"वहिनी, रागावू नको. आता अशी मशीनं हायत, त्यांना दादाचे जुने शब्द दिले का ती दादाच्या आवाजात नवे शब्द बोलतात. ऐक."

त्याने बटण दाबलं. "दिघी," अल्पेश म्हणाला.

अमिषा लॅपटॉपकडे वाकली. आवाज त्याचाच होता. पण त्यात खोली नव्हती, गोधड्या नव्हत्या, शब्दाआधी घेतलेला श्वास नव्हता. घासून पुसून ठेवलेल्या काचेसारखा आवाज.

"आनि हे बघ," धनेश म्हणाला. पोरीला गंमत दाखवावी एवढंच त्याच्या मनात होतं. त्याने दुसरं बटण दाबलं.

"शिवू," तो आवाज म्हणाला. "शिवू, ये."

शिवू भातुकली मांडून बसली होती. ती उठली. फोनकडे आली नाही की लॅपटॉपकडे आली नाही. सरळ दाराशी गेली. कोपऱ्यातल्या आपल्या चपला तिने उलटसुलट पायात घातल्या आणि उंबऱ्यावर बसली, रस्त्याकडे तोंड करून.

"शिवू, काय गं?" अमिषाने विचारलं.

"बाबा आले. मना बोलावतात."

माशांची नावं सांगणारे बाबा फोनमध्ये राहत होते. नाव घेऊन बोलावणारे बाबा रस्त्याने येणार होते. त्या चिमुकल्या डोक्यात हा हिशेब स्वच्छ होता. ती दुपारभर तिथे बसली. खाऊ दाखवला, नाही उठली. एसटी येऊन थांबली की मान उंच करायची, उतरलेली माणसं नीट बघायची, बस गेली की पुन्हा बसायची. शेवटी तिथेच चौकटीला टेकून झोपली, चपलांसकट.

अमिषाने तिला उचललं तेव्हा तिच्या मुठीत सुपारीचं एक वाळकं फूल होतं, बाबांना द्यायला उचलून ठेवलेलं.

"पुसून टाका ते," अमिषा म्हणाली. तिचा आवाज इतका शांत होता की धनेश घाबरला. "आत्ता. माझ्यासमोर."

धनेशने पुसलं. पण तो गप्प बसणाऱ्यातला नव्हता. मॅडमच्या शनिवारच्या आदल्या दिवशी सकाळी तांडेलचा फोन आला, होड्या भरून दिघीला लागतायत, बाया पाठव. नवा शब्द नको ना, मग दादाच्याच शब्दांतून सांगू, असं त्याने ठरवलं. हाताशी जे होतं त्यातून जोडलं आणि कुणाला न विचारता सोडून दिलं.

त्या वेळी अमिषा बाजारात भाजी घेत होती. ओट्याओट्यावर फोन एकदम वाजले.

"आये," अल्पेश म्हणाला. "आगरदांडा न्हाय." थांबला. "पानी." थांबला. "चल. चल."

बाजार गार पडला. कुणाची तरी मापाची तागडी हातातच लोंबत राहिली. एका म्हातारीने फोन ओट्यावर असा टाकला, जणू भाजलाच. "गेलेला मानूस पान्यात बोलवतंय गो," ती पुटपुटली आणि जमिनीला हात लावून तो कपाळाला लावला. दुसरीने तिथल्या तिथे नारळ मागितला, खाडीत सोडायला. बायांनी अमिषाकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली.

अमिषाच्या मनात त्या हाकेतला पहिलाच शब्द तेवढा वाजत राहिला. आये.

ती घरी धावली. दार उघडं. शिवू शेजारच्या ओट्यावर खेळत होती. "आजी कुठाय?"

"बाबांनी बोलावली, गेली," शिवू म्हणाली. "पानी."

धक्क्यापर्यंतचा रस्ता अमिषाला नंतर कधी आठवला नाही. चप्पल कुठे निसटली तेही नाही. धक्का रिकामा होता. भरतीचं पाणी पायऱ्या चढत होतं, मातकट, कडेला फेस. खालच्या पायरीवर ठमीची चुंबळ पडली होती, पाटीखाली डोक्यावर ठेवायची ती कापडाची गुंडाळी. ओली.

अमिषा तिथेच बसली. "आई!" तिने हाक मारली. "आई गं! आये!" सगळ्या ताकदीने, पुन्हा पुन्हा, कितीतरी वेळ. एवढ्या मोठ्याने ती अल्पेश गेला तेव्हाही ओरडली नव्हती. तेव्हा मूल झोपलं होतं म्हणून तिने तोंडात पदर कोंबला होता. आज पाणी ओलांडून तिचा आवाज पलीकडे गेला, समोरच्या टेकडीवर आपटला आणि परत आला.

शेवटी दिघीकडून येणाऱ्या फेरीबोटीवर कुणीतरी हात हलवला.

बोट जवळ आली. मोटारसायकलींच्या आणि दुधाच्या कॅनच्या मधोमध ठमी उभी होती. डोक्यावर पाटी, पाटीतून ओघळ, ओघळ थेट कानामागून मानेवर. पाटी मासळीने शीग भरलेली.

"वरडतेस काय गो?" तिने बोटीवरूनच दम भरला. "दिघीपर्यंत आयकू आली. तिकडचे लोक मना बोलले, तुजी सून का काय ती?"

अमिषा धावली आणि तिच्या ओल्या, वास मारणाऱ्या लुगड्याला मिठी मारून रडायला लागली. ठमीने एका हाताने पाटी सावरली, दुसऱ्याने सुनेचं डोकं.

"आई, मला वाटलं तुम्ही... त्याने पाण्यात बोलावलं म्हणून..."

"त्यानं बोलावली म्हनूनच गेली. पानी, चल. बरं, पान्याच्या पलीकडं दिघीशिवाय हाय काय? माजं पोर मना बुडायला कशाला सांगल? त्याला पोवायला मीच शिकवलंय." तिने पाटी खाली ठेवली. "चुंबल तेवढी पडली चढताना. हितंच हाय व्हय, बरं झालं."

दोघी धक्क्याच्या कठड्यावर बसल्या. ठमीने कमरेची मिसरी काढली, दातांना लावली.

"तू तवा कावल्याला काय बोललीस ते मी आयकलं," मग ती म्हणाली. "एक शब्द बदलनार न्हाय. आनि कावला उतरला. तवापासून तू त्या फोनपुढं जीव धरून उबी हायस, देवाच्या दिव्यापुढं उबी रावतात तशी. मी बघते."

"मी वचन दिलंय, आई."

"मी पन दिलं."

अमिषाने मान वर केली.

"तू बोलत हुतीस तवाच. मोठ्यानं न्हाय, मनातल्या मनात. मी बोलली, जा रे बाला. ही कवली पोर हाय. हिला तुज्या मागं बांदून ठेवनार न्हाय. हिला तिच्या तोंडानं बोलू देईन." ठमीने थुंकी टाकली आणि पदराने तोंड पुसलं. "आता कावला तुज्या बोलावर आला का माज्या, ते त्याला इचार. का त्याला नुसती भूकच लागली हुती. बंदर बंद, मासली न्हाय, कावल्यांनी तवा खायाचं काय?"

"मग इतके दिवस सांगितलं का नाही?"

"मना पन त्याचा आवाज हवाच हुता ना गो," ठमी म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज हलला. "सकाली उठून पोर आये बोलतंय. कुनाला नको? मी लबाडी केली. त्याला दिलेला शबुद मोडून त्यालाच आयकत बसली."

समोर दिघीच्या धक्क्यावर होड्या झुलत होत्या. अमिषाचा घसा ओरडून सोलवटला होता. पण तो उघडला होता, हे तिला जाणवत होतं. एखादी खोली फार दिवसांनी उघडावी आणि आतला कोंडलेला वास बाहेर यावा, तसं काहीतरी.

त्याच दुपारी तिने मागच्या खोलीत गोधड्या टांगल्या. रचना मॅडमना फोन करून एवढंच म्हणाली, "नाव घाला. शब्द मी भरते." मॅडम पलीकडे आनंदाने काही सांगू लागल्या, प्रशिक्षण, मशीनं, पुढच्या महिन्यात दिघीला माणूस. अमिषा म्हणाली, "मॅडम, तो दिघीचा बर्फवाला आणि इथला बंद कारखाना, दोघांना एकत्र बसवता येतं का बघा. नुसत्या हाकेने बर्फ होत नाही." मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, "बघते. हे मी का नाही विचारलं?"

धनेश माफी मागायला आला होता. अमिषाने त्याला रागे भरायच्या ऐवजी मायक्रोफोनपाशी बसवलं. शिवूला ठमी ओट्यावर घेऊन बसली.

पहिला शब्द यायला फार वेळ लागला. गोधड्यांच्या आत अंधार होता आणि ऊबही. तिथे अजून कुणीतरी होतं, तिला ठाऊक होतं. पाठीमागे, नेहमीसारखं. या वेळी ती वळली. गोधडीच्या फटीतून पिवळट ऊन येत होतं, त्यात धूळ तरंगत होती. बाकी काही नव्हतं. ती थोडा वेळ त्या धुळीकडे बघत राहिली. मग तिने श्वास घेतला.

"दिघी," ती म्हणाली.

मग श्रीवर्धन. भरडखोल. मग जुनी नावं, एकेक करून अल्पेशच्या आवाजाच्या जागी आपला. बोंबील, मांदेली, सुरमई. प्रत्येक शब्द भरण्याआधी धनेश अल्पेशचा जुना एकदा वाजवायचा, आणि मग तो ठेवून द्यायचा. आये म्हणताना तिला दोनदा थांबावं लागलं.

"वहिनी, आता कोलंबी," धनेश म्हणाला.

त्याने वाजवलं. "कोलंबी," अल्पेश म्हणाला, आणि शेपटीला ते खुदकन हसू. कुणाचं होतं ते? तिचंच होतं. पण कुणा ओळखीच्या, लहान मुलीचं असावं तसं तिने ते ऐकलं.

"हा राहू द्या," ती म्हणाली.

"एकच शब्द वेगला वाटंल ना पन?"

"वाटू दे. कोलंबीच्या दिवशी तेवढा येऊन जाईल."

पहिली नवी हाक सोमवारी सकाळी गेली. ठमीचा फोन वाजला. शिवू धावली, तळहात ठेवून थरथर घेतली, बटण दाबलं, कानाला लावला.

"आये. दिघी. मांदेली. ताजी हाय. चल."

शिवूचा चेहरा एकाएकी उतरला. तिने फोनकडे पाहिलं. मग स्वयंपाकघरातल्या आईकडे पाहिलं. पुन्हा फोनकडे. फोन खाली टाकून ती धावत आली आणि आईच्या पायांना तिने अशी मिठी घातली की अमिषाचा तोल गेला.

"तू पन फोनमधी गेलीस?" तिने विचारलं. "तू पन?"

अमिषाला आत्ता कळलं. या लेकरासाठी आवाजात जाणं म्हणजे घरातून जाणं होतं, दुसरा अर्थ तिला कुणी दाखवलाच नव्हता. ती पटकन खाली बसली. पोरीचा तळहात उचलून तिने आपल्या गळ्यावर ठेवला, फोनवर ठेवते तसा.

"आये," ती हळूच म्हणाली. "दिघी. मांदेली. ताजी हाय."

गळा थरथरला. शिवूने श्वास रोखून ते ऐकलं. हात काढला नाही. "परत," ती म्हणाली. अमिषाने परत म्हटलं. "परत." मग परत.

बाहेर ठमीने पाटी उचलली होती. "मी निगाली गो," तिने दारातून सांगितलं. "फेरीबोट सुटंल." रस्त्यावर अजून दोघीतिघींची लगबग ऐकू येत होती, कुणीतरी कुणाला हसून शिवी घातली.

"परत, आई."

"दिघी," अमिषा म्हणाली. त्या छोट्या, दमट तळव्याखाली तिचा आवाज हलत राहिला. खूप वेळ तिने तो थांबू दिला नाही.